सगळ्यांबद्दल मत असलेला माणूस

अण्णा, परवा मला कुणीतरी मोबाइलवरच्या एका ग्रुपात घातलं. जुन्या गाण्यांच्या आणि जॅझच्या शौकिनांचा ग्रुप आहे म्हणे. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचं हे काम. रिटायर झालेल्या बाईला दिवस कसा जात असेल, अशी त्यांना काळजी. आता सकाळी चहा ठेवते तोवर तिथं ढीगभर निरोप साचलेले असतात. अमुक गाण्यातला सॅक्सोफोन कुणाचा, तमक्या सिनेमातला क्लबचा सीन कुठं काढला, कुठल्या जुन्या नटीनं म्हातारपणी कुणाबद्दल काय सांगितलं. एक जण म्हणतो हेच खरं जॅझ, दुसरा म्हणतो हे कसलं जॅझ, हे तर लग्नातलं वाजवणं. मग दोघांची जुंपते. मी काही लिहीत नाही. नुसती वाचते आणि दमते. या मंडळींत तुम्ही असतात तर सगळ्यांना पुरून उरला असतात, एवढं मात्र रोज वाटतं.

तुमची मंडळी तिघांचीच होती. तुम्ही, म्हणजे दिवसा साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर आणि लग्नसराईत बँडचे मास्टर. दुसरे केमिस्टकाका, साखरेच्या प्रयोगशाळेतले. मुंबईत वाढलेले, रेकॉर्डी आणि त्या वाजवायचं यंत्र घेऊन आपल्या केज तालुक्याच्या फुफाट्यात येऊन पडलेले. आणि तिसरा मामू. युसूफ वडगाव या गावच्या बाजाराला तंबूची टॉकीज लागायची, तिथं तो मशीन चालवायचा. रविवारी केमिस्टकाकांच्या ओट्यावर तुम्ही तिघं बसायचात. रेकॉर्ड वाजताना कुणी बोलायचं नाही, संपली की प्रत्येकानं मत द्यायचं, आणि मत दिल्याशिवाय चहा नाही. मी कप घेऊन दारात उभी असायची. चहा गार व्हायचा, पण तुमचा नेम मोडायचा नाही.

तुमचं पहिलं तत्त्व एकच. गाणं ऐकायचं तर मागचं ऐका. पुढं गाणारा तर गावालाही ऐकू येतो, त्याच्यामागं जो फुंकतोय तो कोण, ते सांगा. त्या माणसाचं नाव कुठंच छापलेलं नसायचं, म्हणून तुमचा जीव त्याच्यात जास्त. सिनेमाही तुम्ही तसाच बघायचात. पहिल्या खेळाचं तिकीट काढायचं, क्लबच्या गाण्यापर्यंत बसायचं, नायकानं सॅक्सोफोन तोंडाला लावला की त्याची बोटं बघायची. बोटं खोटी निघाली की तिघंही उठून बाहेर. मामू तर मशीन चालतं ठेवून तंबूच्या कनातीपाशी यायचा आणि म्हणायचा, "उंगल्यां देखो मास्टर, भाकर थापतंय जैसे." पुढं नायकाचं काय झालं, खुनी कोण निघाला, हे मला कधी कळलंच नाही. अर्ध्यावर सोडलेल्या सिनेमांवर मी मोठी झाले.

आणि त्या नटनट्यांच्या बातम्या! कटिंगच्या दुकानातून तुम्ही सिनेमाची जुनी मासिकं आणायचात, पानं निम्मी फाटलेली. आई विचारायची, कुणाचं लग्न झालं, कुणाचं मोडलं. तुम्ही चष्मा वर करून सगळं वाचायचात आणि वैतागायचात. लग्नाला कोण कोण आलं ते लिहिलंय, बँड कुणाचा होता ते न्हाई, मग ही बातमी कशाची? आई पदर तोंडाला लावून हसायची. खरं सांगते अण्णा, त्या घरात मी हसले तेवढी पुढं कुठं हसले नाही.

तुम्ही सराव स्वयंपाकघरात करायचात. कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरला दोनच खोल्या, वर पत्रा. बाहेरच्या खोलीत वाजवलं तर शेजारची नाइट शिफ्टची माणसं उठायची. म्हणून चुलीजवळ भिंतीला पाठ लावून तुम्ही सॅक्सोफोन घेऊन बसायचात आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची की तुमच्या सुरानं भाकर फुगत नाही. तिथंच मी क्लॅरोनेट शिकले. शिकवतो असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. बँडातलं एक जुनं क्लॅरोनेट दुरुस्तीला घरी आलं होतं, ते एके दिवशी माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, फुंक. मी फुंकलं. तुम्ही म्हणालात, "परत." मग पुढची सगळी वर्षं तेवढंच. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं परत. साऱ्या दुनियेला मत वाटणारा माणूस माझ्या वाट्याला एकच शब्द ठेवून बसला होता, आणि मी वेडी त्या शब्दाचे रोज नवे अर्थ लावायची. आज जरा हळू म्हणाले, म्हणजे आवडलं असेल.

पिठाच्या डब्याच्या वर भिंतीवर एक फोटो होता, आठवतो? केमिस्टकाकांच्या परदेशी मासिकातला. एक गोरी बाई ट्रम्पेट वाजवतेय, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. तो तुम्हीच खळ लावून चिकटवला होता. शेजारची एक बाई म्हणाली, ही काय बया लावली स्वयंपाकघरात. तुम्ही तिला सुनावलंत. बाई हाय म्हणून काय झालं, दम बघा तिचा. मी तिथंच बसलेली होते. ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं.

मग तो दुष्काळ आला. ऊस शेतातच वाळला, कारखान्याची चिमणी त्या वर्षी पेटलीच नाही. यार्डात जिथं उसाच्या गाड्या लागायच्या तिथं जनावरांची छावणी पडली. आम्ही कॉलनीतल्या बाया टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावून सावलीत बसायचो आणि दिवसभर जनावरं हंबरायची. बँडातली पोरं पुण्याकडं बांधकामावर गेली. क्लॅरोनेटवालाही गेला. लग्नंच नव्हती तर थांबून करणार काय? त्यात उन्हाळ्यात कारखान्यानं ठरवलं की सभासदांच्या आणि तोडणीवाल्यांच्या घरातली लग्नं एका मांडवात लावायची, सगळ्यांना मिळून एक जेवण आणि एक बँड. बँड अर्थातच तुमचा. माणसं जमवली तर ढोल मिळाला, ताशा मिळाला, ट्रम्पेटला चकलांब्याचा एक म्हातारा मिळाला, पण क्लॅरोनेट काही मिळेना.

मी म्हणाले, मी वाजवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सॅक्सोफोन घेऊन बसलात आणि वरातीचं गाणं सुरू केलंत. मधल्या जागेवर येऊन थांबलात. तुमच्या बँडाची ती पद्धतच होती. मुखडा सॅक्सोफोननं घ्यायचा आणि दोन कडव्यांच्या मध्ये जी जागा असते ती क्लॅरोनेटनं एकट्यानं फिरायची, जशी सुचेल तशी. रेकॉर्डी ऐकून तुम्हीच ती काढली होती. ते खरं जॅझ, बाकी सगळं पोटापाण्याचं, असं केमिस्टकाका म्हणायचे. तुम्ही थांबलात आणि माझ्याकडं बघितलंत. मी वाजवलं. "परत," तुम्ही म्हणालात. लग्नाच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी आपण तेच केलं. आईनं बँडचा लाल कोट उसवून माझ्या मापाचा शिवला. केमिस्टकाका म्हणाले, मास्टर, मराठवाड्यात पहिली पोरगी. मामूनं ज्याला त्याला सांगून ठेवलं. आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत, अण्णा. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. मला दुसरं काही नको होतं. मांडवातल्या माणसांचीही पर्वा नव्हती. वाजवून झाल्यावर बाकीच्यांबद्दल देता तसं माझ्याबद्दल चार माणसांत एक मत द्यावं, वाईट का होईना, एवढंच हवं होतं.

लग्नाच्या दिवसाची सकाळ आहे. वजनकाट्यापाशी बँड उभा आहे, ढोलवाला ढोल तापवतोय. मी पंजाबी ड्रेसवर कोट चढवून, टोपी काखेत धरून येतेय. मामू हसतोय. कुणी हरकत घेत नाहीये, हे मला आजही नीट आठवतं. ना चेअरमन, ना भावकी, ना कुणी म्हातारी. तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "काढ तो कोट. घरी जा."

मी म्हणाले, "कावून?"

"लोक हायेत."

"लोक तर रोजच हायेत, अण्णा."

तुम्ही पुढं होऊन माझ्या हातातलं क्लॅरोनेट घेतलंत, पेटीत ठेवलंत आणि पेटी मिटलीत. मामूचं हसू तोंडातच राहिलं. मी घरी आले. कोट काढला नाही, तसाच अंगावर ठेवून चुलीपुढं बसले. त्या उन्हात पत्रा तापलेला, त्यात तो जाड कोट, घामानं नुसती निथळत होते, पण काढला नाही.

आणि तिथं बसून मी वरात ऐकली. मुखडा तुम्ही घेतलात. पहिलं कडवं झालं आणि मधली जागा आली. मला वाटलं, आता हे सॅक्सोफोननं भरून काढतील, हातचा मळ होता तो तुमच्या. तुम्ही थांबलात. नुसता ढोल-ताशा चालू राहिला आणि त्याच्यावर कुणीच नाही. जेवढी जागा माझी होती तेवढी रिकामी गेली, मग तुम्ही पुढचं कडवं उचललंत. दुसऱ्या कडव्यानंतरही तसंच. मांडवातल्या लोकांना वाटलं असेल की बँडवाला विसरला, नाहीतर दम घेतोय. संध्याकाळी केमिस्टकाका आपल्या ओट्यावर येऊन तुमच्याशी भांडले, म्हणाले मास्टर, आज तुम्ही जागा खाल्ली. मी दाराआड होते. तुम्ही म्हणालात, "जागा व्हती तिथंच व्हती. वाजवनारं न्हवतं."

आई मरेपर्यंत मला समजावत राहिली, की अगं, ती त्यांची माफीच होती, तुझी जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. असेल. पण अण्णा, ही कसली माफी? जिला ऐकू जावी तिला आधी घरात कोंडायचं आणि मग भर रस्त्यात तिच्यासाठी गप्प बसायचं! सिनेमातल्या नायकाची बोटं खोटी निघाली की तिकिटाचे पैसे सोडून उठणारे तुम्ही. भिंतीवरच्या बाईसाठी शेजारणीशी भांडलात. स्वतःच्या पोरीसाठी कुणाशी भांडायचं तर समोर कुणी आलंच नव्हतं, तरी हरलात. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, अण्णा. हे मी तुम्हाला तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. तुम्ही मला रेडिओ दिलात आणि म्हणालात, ऐकत जा. म्हणजे वाजवायचं नाही, ऐकायचं. सासरी तो रेडिओ मी धान्याच्या कोठीवर ठेवला आणि महिनोन्‌महिने लावला नाही. नंतर लावायला लागले, तोवर तुम्ही गेला होतात. मला दिवस गेल्याचं सांगायचंही राहून गेलं.

राग आता राहिलेला नाही. राग धरायलाही अंगात जोर लागतो, तो शाळेत आणि संसारात खर्ची पडला. हे लिहितेय तेही बसल्या बसल्या, कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, त्यामुळं निवांत लिहितेय. फक्त एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही.

माझी मुलगी कबड्डी खेळायची. शाळेत असताना तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, बाहेरगावी जायचं होतं. घरात सगळ्यांची तोंडं वाकडी. सासूबाई म्हणाल्या, हाफ पँटीवर पोरगी पाठवायची? लोक काय म्हणतील? पोरगी माझ्याकडं बघत होती. मग कुठून आलं देव जाणे, मी म्हणाले, "माझ्या बापानं मला कारखान्याच्या लग्नात सगळ्या गावापुढं क्लॅरोनेट वाजवायला उभी केली होती. लोकांचं मी बघतो, तू वाजव, असं म्हणाले होते. आणि वाजवून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले की असं आजवर कुणी वाजवलं नाही." इतकं खोटं मी जन्मात एका दमात बोलले नव्हते. पोरगी गेली, खेळली, त्या खेळावर पुढं तिला नोकरी लागली.

आता तिला स्वतःची मुलगी आहे. तिच्या बैठकीत तुमचा फोटो आहे, बँडच्या टोपीतला, मोठा करून लावलेला. जावयाचं आणि तिचं मुलीवरून काही वाजलं की ती त्या फोटोकडं बोट करते आणि म्हणते, बाप असावा तर आजोबांसारखा.

मी हो म्हणते.