घंगाळातला पाहुणा

आई, त्याला हवेनं मारलं नव्हतं. मला हे काल कळलं.

सत्तरीच्या दशकातली आमची कॉलेजची सहल तुला आठवत असेल. गुहागरकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला सर आम्हाला खडकांवर घेऊन गेले. लाटा आपटत होत्या तिथे आखूड काट्यांचे सी-अर्चिन, म्हणजे समुद्रातले काटेरी गोळ्यांसारखे जीव, खळग्यांत घट्ट बसलेले, निवांत डबक्यात लांब काट्यांचे, वाळूत पुरून घेणारे आणखी निराळे. खाडीच्या तोंडाशी, गोडं पाणी मिसळतं तिथे, एकही नाही. "ज्याला जे पाणी सोसतं, तिथं तो," सर म्हणाले. वर्गाला दाखवायला एक जिवंत ठेवायचा होता. तो त्यांनी माझ्यावर सोपवला. कुंभार्ली घाट, कऱ्हाडचा स्टँड, सांगली. समुद्राच्या पाण्याची प्लॅस्टिकची बादली मी मांडीवरून हलू दिली नाही.

तू दारातच हसतेस. "आगं, ह्यो तर साळिंदराचा नातू! आन् पावण्याला धुण्याच्या बादलीत ठिवतीस व्हय?" चिंच लावून तांब्याचं घंगाळ लखलखीत घासतेस आणि तेच खारं पाणी त्यात ओततेस. तांब्यातलं पाणी शुद्ध, यावर आपल्या घरात कुणी कधी वाद घातला नव्हता.

सकाळी काटे गळून तळाशी पडलेले. सर चौकशीला आले तेव्हा पदर तोंडाला लावून विचारलंस, "आवं सर, माजं काय चुकलं का?"

सरांनी घंगाळाकडे एकदा पाहिलं. "नाही हो. इथली हवा मानवली नाही त्याला."

ते तू घट्ट धरून ठेवलंस. मला रत्नागिरीच्या वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा म्हणालीस, "त्येला हितली मानवली न्हाई, तर तुला तितली कशी मानवंल गं?" मी भांडले, दोन घास कमी जेवले आणि सांगलीतच राहिले.

काल एका लेखासाठी समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या बाईंशी बोलत होते. कुठली जात कुठे तगते हे सांगताना त्या सहज म्हणाल्या, "तांब्याच्या भांड्यात मात्र ठेवायचे नाहीत. जरासं तांबं पाण्यात उतरलं तरी मरतात." पुढचं मला लिहूनच घेता आलं नाही. म्हणजे सरांना तेव्हाच कळलं होतं. आणि मी अख्खं आयुष्य या गावात काढलं, ते एका घासलेल्या घंगाळापायी?

लेख वेळेवर दिला. घंगाळाचं त्यात काही नाही.

तू आज असतीस आणि पुन्हा "माजं काय चुकलं का?" असं विचारलं असतंस ना, तर मीही म्हटलं असतं, हवा मानवली नाही.