डाव्या बाजूच्या अकरा पट्ट्या

अण्णा,

तुमची होडी मी यंदा माळ्यावरून खाली काढली. तुम्ही गेल्यापासून ती तिथेच होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. टाकवत नव्हती, आणि अर्धवट होडी पुरी करून देणारा माणूस सोलापुरात कुठे शोधायचा हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आई होती तोवर दर दिवाळीला माळा झाडताना ती चादर एकदा झटकायची आणि पुन्हा तशीच गुंडाळून ठेवायची. आई गेल्यावर तेवढंही बंद झालं. मे अखेरीला मी शाळेतून निवृत्त झाले आणि आठच दिवसांनी धाकट्याचा फोन आला. त्यानं पुण्यात घर घेतलंय, बैठकीत काचेचं कपाट करून घेतलंय, आणि त्यातला मधला कप्पा होडीसाठी रिकामा ठेवलाय. दिवाळीला येतो, तोवर तेवढी पुरी कर म्हणाला. मी म्हटलं, मला सुतारकाम कुठे येतं? तर म्हणाला, "आक्का, अण्णांच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय."

ते खरं होतं. तुम्ही उभा जन्म कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात डब्यांचं लाकूडकाम केलंत, आणि ते सगळं रेल्वेचं. अरुंद रुळांवरची लहान गाडी बंद झाली, डबे भंगारात गेले. घरात मात्र तुमच्या हातचा साधा पाटसुद्धा नाही. पाट आपण मंगळवारच्या बाजारातून आणायचो आणि आई त्यावरून तुम्हाला बोलायची. कारखान्यातलं काम घरी आणायचं नाही हा तुमचा नेम होता. तो तुम्ही निवृत्त झाल्यावर मोडला, तेही धाकट्यामुळे. मालवाहू जहाजावरच्या नोकरीतून तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा कुठल्याशा बंदरातून हे खोकं घेऊन आला. आत प्लायचा कणा, अकरा बरगड्या, बारीक लांब लाकडी पट्ट्यांचा जुडगा, पांढऱ्या गोंदाची बाटली आणि आठ पानांची इंग्रजी पुस्तिका. तुम्ही एक पट्टी उचलून नाकाशी नेलीत, वास घेतलात आणि परत ठेवलीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाणसळ ठेवून तुम्ही बुडबुडा बघत होतात.

कुर्डुवाडी सोडून सोलापुरात घेतलेल्या होटगी रस्त्यावरच्या आपल्या घरात एक ओटाच काय तो सपाट आहे, असा तुमचा निकाल लागला. त्यामुळे ओट्याचा अर्धा भाग होडीचा झाला आणि आई उरलेल्या अर्ध्यात भाकरी थापू लागली. पट्ट्या वाकवायच्या तर आधी भिजवायला लागतात, आणि एवढं लांब भांडं घरात नाही, म्हणून प्लंबरकडून पाइपचा तुकडा आणून त्याला एका टोकाला बूच मारलंत. त्यात पाणी भरताना आई म्हणायची, "नळाला चार दिवसांनी पानी येतंय आन् ह्येंची होडी." तुम्ही ऐकून घ्यायचात. भिजलेली पट्टी बरगड्यांवर बसवून तुम्ही तिला कपड्यांचे चिमटे लावायचात, आणि घरातले सगळे चिमटे होडीला गेल्यामुळे वाळत घातलेली धुणी गच्चीवरून शेजाऱ्यांच्या अंगणात उडत जायची. मी तेव्हा तुमच्यातच राहत होते. लग्नाचा विषय एव्हाना घरात निघेनासा झाला होता. येता-जाता मी बघायची, पण थांबून कधी बघितलं नाही.

एकदा मात्र थांबून बघितलं होतं, फार पूर्वी. मी नऊ वर्षांची असेन. खंडेनवमीला कारखाना घरच्यांसाठी उघडा असायचा, आणि तुम्ही मला आत नेलं होतंत. यंत्रांना झेंडूच्या माळा, तुमच्या बाकावर रंधे आणि पटाश्या ओळीनं मांडलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या. मी एक पटाशी उचलली. तुम्ही ओरडला नाहीत, मनगट धरून ती खाली ठेवायला लावलीत आणि म्हणालात, "आज त्येंची सुट्टी हाय." सगळ्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग माझं तोंड बघून तुम्हीच एका डब्याकडे नेलंत. त्याची एक बाजू अगदी पुरी झालेली, आणि वळसा घालून पलीकडे गेलं तर नुसता सांगाडा, आरपार दिसणारा. असं का, हे मी विचारलं. डब्याची एक बाजू आधी पुरी करायची, साहेब येऊन बघणार, त्यांच्या खडूची खूण पडली की मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा, असं तुम्ही सांगितलंत. डब्याखाली लोखंडी चौकट असते, वर काहीही करा, ती हलत नाही. हे मला पुढे कित्येक वर्षं आठवायचं काही कारण नव्हतं.

आता त्या गुरुवारचं सांगते. सहामाहीचे इंग्रजीचे पेपर तपासायला घरी आणले होते, चाळीस सातवीचे आणि चाळीस पुढच्या वर्गाचे. मी पलंगावर पसारा मांडून बसले आहे आणि तुम्ही पुस्तिका घेऊन दारात उभे आहात. "येवढं वाचून दाखवतीस का? चित्रं कळत्यात, खालचं कळत न्हाय." मी मान वर न करता म्हणते, रविवारी बघू अण्णा. तुम्ही बरं म्हणता आणि जाता. रविवारी मला आठवण होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण विसरले असते तर गोष्ट वेगळी होती. मला आठवण होती, दुपारी झोप आली होती, आणि तुम्ही पुन्हा विचाराल तेव्हा उठू असं ठरवून मी पडून राहिले. तुम्ही दुसऱ्यांदा विचारणारे नव्हतात. मी आठ-दहा ओळींचे धडे रोज मुलांकडून वाचून घ्यायची, आणि घरात आठ पानं वाचून दिली नाहीत.

तुम्ही चित्रांवरून काम केलंत. चित्रांत होडी नेहमी डाव्या अंगानं काढलेली होती. तुम्ही कारखान्यातल्या रीतीनं डावी बाजू हातात घेतलीत आणि महिनाभरात वरपासून खालपर्यंत अकरा पट्ट्या बसवून ती पुरी केलीत. काय सुंदर काम होतं ते. सांध्यांवरून बोट फिरवलं तर एक पट्टी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळायचं नाही. मग तुम्ही माझ्या शाळेच्या पिशवीतून खडू घेतलात आणि त्या बाजूला स्वतःच बारीकशी खूण केलीत. आई हसली होती. उजवी बाजू सोमवारी धरू म्हणालात. शनिवारी छातीत दुखायला लागलं, आणि पुढचे आठ दिवस आपण सगळे दवाखान्याच्या जिन्यात होतो. नवव्या दिवशी घरी आलो ते तुमच्याशिवाय.

जूनमध्ये मी चादर सोडली आणि होडी ओट्यावर ठेवून समोरून बघितली, तर तिचं नाक तिच्या डाव्या अंगाला वळलेलं. हाक मारल्यावर माणूस मान वळवतो तसं. आधी वाटलं, माळ्यावर वजन पडलं असेल. मग पुस्तिका वाचायला घेतली. इतक्या वर्षांनी, चष्मा लावून, शब्दकोश जवळ घेऊन, कारण जहाजाचे शब्द मलाही येत नव्हते. तिसऱ्या पानावर चौकटीत जाड अक्षरात लिहिलं होतं की एक पट्टी एका बाजूला बसवली की तशीच दुसरी लगेच पलीकडे बसवावी, एक बाजू आधी पुरी करू नये, ओल्या पट्ट्या वाळताना आकसतात आणि कण्याला आपल्याकडे ओढतात. ते वाक्य सातवीच्या मुलाला वाचता आलं असतं. मला लाज वाटली, अण्णा. दुसरा शब्द नाही.

धाकट्याला मी यातलं काही सांगितलं नाही. वाकडी तर वाकडी, उजवी बाजू भरून तशीच द्यावी, हे सोपं होतं. पण त्याच्या बैठकीत येणारा-जाणारा म्हणणार, वडील सुतार होते म्हणे, होडी वाकडी कशी झाली. चूक माझी आणि ऐकून घेणार तुम्ही, असं व्हायला नको होतं. मोबाइलवर एक परदेशी म्हातारा अशाच होड्या बांधताना दिसतो. त्यानं सांगितलं की ओढ काढायची तर पट्ट्या काढायला लागतात. मी आठवडाभर रोज होडीसमोर बसले आणि मग गॅसवर पाणी ठेवलं.

कापसाचा बोळा गरम पाण्यात बुडवायचा, सांध्यावर धरायचा, गोंद पांढरा पडून मऊ झाला की खालून आमलेटचं पातळ उलथनं सरकवायचं. सगळ्यात आधी तुमची खडूची खूण गेली, पहिल्याच बोळ्यात. पहिली पट्टी निघायला दोन दिवस लागले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. ते काम होतं, आणि कामात लक्ष घालावं लागतं. अकरातल्या सात मोडल्या, चार साबूत निघाल्या. आतल्या अंगाला प्रत्येक पट्टीवर तुमच्या पेन्सिलीचे आकडे होते, एक ते अकरा. सहाव्या दिवशी सगळ्या निघाल्या, आणि मी नुसता सांगाडा ओट्यावर ठेवून समोरून बघितलं.

नाक डावीकडेच होतं. तसूभरही हललं नव्हतं. मी कणा ओला करून दोन फळ्यांमध्ये बांधला, वर आईचा वरवंटा ठेवला, आठ दिवस हात लावला नाही. सोडला तेव्हा सरळ होता. संध्याकाळपर्यंत पुन्हा वळला. इतकी वर्षं वाकून वाळलेलं लाकूड आता त्याच आकाराचं झालं होतं. हे तुम्हाला विचारता आलं असतं तर तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं असतंत, आणि मग मी तुमच्या अकरा पट्ट्यांना हात लावला नसता.

नवीन पट्ट्या मागवल्या. तुमच्या पाइपला अजून बूच घट्ट आहे, त्यातच भिजवते. आता एक डावीकडे, एक उजवीकडे. पहिली पट्टी मी न तासता, होती तेवढ्याच रुंदीची लावली तर ती नाकाशी कागदासारखी वर उचलली गेली. टोकाकडे तासून निमुळती करावी लागते हे मला तीन पट्ट्या वाया घालवून कळलं. तुम्ही ते न वाचता पहिल्याच पट्टीला केलं होतंत. गेल्या आठवड्यात दोन्ही बाजू भरल्या. कडेनं बघितलं तर होडी बरी दिसते. समोरून अजून वाकडीच आहे. काचेच्या कपाटात ती आडवी राहील, डावी बाजू पुढे. कुणी समोरून बघेल असं नाही.

परवा धाकट्याचा फोन आला. "आक्का, डावी बाजू तशीच ठेवलीस न्हवं?" मी म्हटलं, तशीच आहे. तो म्हणाला, नुसतं पॉलिश कर, बाकी हात लावू नको. बरं म्हणाले. दिवाळीला तो येईल, डाव्या बाजूवरून हात फिरवील आणि बायकोला सांगेल की हे अण्णांनी केलंय. सांधे त्याच्या बोटाला लागतील. वय झालं होतं, हात थरथरत असतील, असं तो मनाशी म्हणेल, आणि मी काही बोलणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नव्हतंच. धाकट्याला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिलं, एवढंच. पण एक गोष्ट राहिली. तुमच्या त्या चार साबूत पट्ट्या मला परत लावता आल्या असत्या. कणा तोच, बरगड्या त्याच, त्या जिथल्या तिथे चपखल बसल्या असत्या, आणि त्याला सांगितलेलं थोडं तरी खरं झालं असतं. एक मी बसवूनही बघितली होती, नुसती चिमटे लावून. माझ्या पट्ट्यांच्या शेजारी ती इतकी नीट दिसायला लागली की मी लगेच काढून ठेवली.