शिवेवर थांबलेली गाडी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मागच्या आठवड्यात धावड्याच्या एका घरात मला तुमचाच राग आला. ओरडायचं नाही, ही तुमचीच शिकवण. मी उपकेंद्रात नर्स म्हणून नवी होते आणि तुम्ही तिथल्या जुन्या दाई, तेव्हा सुनेला तपासणीला पाठवत नाही म्हणून एका सासूला तिच्याच दारात झापलं होतं. परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, "बोललीस ते बराबर हाय. पण आता या गल्लीतून आपल्याकडं कोण येणार हाय?" खरंच कोणी आलं नाही. मग तुम्हीच त्या सासूच्या चुलीपाशी जाऊन बसायचात, तिच्यासोबत शेंगा फोडत. हळूहळू गल्ली पुन्हा दवाखान्यात येऊ लागली.

धावड्याच्या त्या घरात मीही अशीच चुलीपाशी बसले होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोर, आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, बीपी खाली यायला तयार नाही. झटके आले तर दोन्ही जीव जातील, हे मी स्पष्ट सांगितलंय. दवाखान्याची गाडी दारात उभी आहे आणि बाप नुसता फोन लावतोय. "जावई उचलूनच न्हाई राह्यले. लेक म्हंजे परक्याची अमानत, सिस्टर. इचारल्याबिगर कशी पाठवू?" त्याची आई उंबऱ्यात आडवी बसलेली. "आठव्यात लेकीनं शीव वलांडू न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले असते तर दार बंद झालं असतं, गप्प राहिले असते तर पोर गेली असती. शेवटी आवाज आवरून म्हणाले, "आजी, तुमीच चला संगं. शिवेवर काय करायचं ते करा, मी गाडी थांबविते." म्हातारी उठली आणि देव्हाऱ्यातला नारळ घेतला. ती उठल्यावर बापानंही फोन खिशात टाकला.

शिवेवरच्या मारुतीपाशी गाडी थांबली. आत पोरीला समोरचं अंधुक दिसायला लागलं होतं, आणि बाहेर म्हातारीच्या हातून नारळ काही फुटेना. मी खाली उडी मारली. "तूच फोड, माय," ती म्हणाली. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून घरात कुणी नारळ फोडलेला नाही, हे तिलाही माहीत होतं. मी फोडला.

पोर वाचली. बाळ काचेच्या पेटीत आहे, पण रडतं जोरात. काल म्हातारी शेजारच्या गरोदर सुनेला हाताला धरून उपकेंद्रात घेऊन आली. सिस्टरनं डोकं चालवलं, वेळ वाचवला, असं सगळे म्हणतात आणि मीही मान डोलावते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. नारळ हातात घेतला तो वेळ वाचवायलाच, बाई. पण आपटताना मीही मारुतीकडे मागितलं.