ताईच्या खिडकीतली बरणी

९ जानेवारी

बरणी आणली एकदाची! बिस्किटवाल्याच्या फळीवर असते तसली. पोट मोठं, काचेचं झाकण, रबरी कडा, वर तारेची घट्ट कडी. तिच्यात ताईसाठी बाग लावायची आहे. लावणार कोण, तर मी! जिच्या हातून आजवर साधा मनीप्लँट जगला नाही ती. भावजी म्हणाले, "मेव्हणीबाई, झाडांना आधी कळवलंय ना?"

हसा म्हणावं.

ताईचं मूत्रपिंड बदलल्यापासून तिच्या खोलीत कुंडी नाही, फूल नाही. नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून ठेवलीय. मातीतल्या बुरशीनेसुद्धा ती आजारी पडेल म्हणे. गच्चीभर बाग जिची, ती दिवसभर समोरची भिंत बघत बसते. डॉक्टरीणबाईंना विचारलं, बंद बरणीतली बाग चालेल का? "चालेल. पण झाकण उघडायचं नाही. कधीच नाही." मी मान डोलावली.

१२ जानेवारी

सगळी दुपार त्यात गेली. ताई फोनवरून हुकूम सोडत होती— "आधी खडे. मग कोळशाचा चुरा. अगं, माती दाबू नकोस, श्वास घेऊ दे तिला!" चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू बसवून बसवून हात तयार झालाय, तो कामी आला. दुकानातला लांब चिमटाही आणला होता. शेवाळाचे तुकडे एकेक करून बसवले, मधे फर्न, काठाला लालसर पानांचं एक पिटुकलं रोप. पाणी शिंपडलं, कडी लावली. थोड्या वेळाने काचेवर आतून धुकं धरलं. बघतच बसले. स्वतःचंच कौतुक!

१५ जानेवारी

बरणी ताईच्या खिडकीत. ताई रडली. मग म्हणाली, "चिमे, हातगुण आहे गं तुला." झाडांच्या बाबतीत मला असं कोणी जन्मात म्हटलं नव्हतं. दुकानात सगळ्यांना सांगून झालं, एका गिऱ्हाइकालासुद्धा.

२ फेब्रुवारी

फर्नचं एक पान काळं पडलंय, वर पांढरी लव. ताईच्या अजून लक्षात आलेलं नाही.

३ फेब्रुवारी

लिहायचीसुद्धा लाज वाटते.

ताई गोळीच्या गुंगीत झोपली होती. भावजी गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. मी कडी काढली, चिमटा आत घातला, ते पान उचललं. बरणी बाहेर न्यायला हवी होती, हे मला कळत होतं! पण ती जड, आणि भावजींनी विचारलं असतं— "काय, मेलं का?" तेवढं मला ऐकून घ्यायचं नव्हतं. बस, एवढ्यासाठी. पान बाहेर येताना त्यावरची लव उडाली, थेट पलंगाच्या दिशेने, धुरासारखी. खोलीभर ओल्या मातीचा वास. घाईघाईने खिडकी उघडली, झाकण लावलं, पान रुमालात गुंडाळून पर्समध्ये कोंबलं. ताई उठली तेव्हा मी चहा टाकत होते. "बरणी काय छान दिसतेय गं आज," म्हणाली.

११ फेब्रुवारी

ताईला ताप. खोकलाही.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यात ठेवलंय. छातीत बुरशी झालीय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात माती कुठे आहे?" मी तोंड उघडलं होतं— देवाशपथ उघडलं होतं! तेवढ्यात भावजीच म्हणाले, "माझ्यामुळे. गच्चीवर काम करतो आणि तसाच तिच्याजवळ जाऊन बसतो. कधी कधी हातसुद्धा नुसते पाण्याने विसळलेले." डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर कडाडल्या, "बायको हवीय की झाडं?" एवढा थट्टेखोर माणूस, खाली मान घालून उभा. मग बाईंनी बरणीचं विचारलं. मी म्हटलं, "ती बंद आहे." खोटं थोडंच होतं? आता बंदच आहे की.

किती हुशार मी!

१६ फेब्रुवारी

भावजी गच्ची रिकामी करताहेत. शेजारी, रस्त्यावरचे, जो येईल त्याच्या हातात कुंडी. मोगरा गेला, जास्वंद गेली, ताईने बीपासून वाढवलेला पपनससुद्धा गेला. आणि मी मदत केली! पिंपात लावलेलं लिंबाचं झाड एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने मी, असं जिन्यावरून खाली उतरवलं. ते टेकवल्यावर भावजी तिथेच बसले. म्हणाले, "माझ्या हातांनी तिला मारत होतो गं मी."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय म्हणावं? "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" म्हणजे वर त्यांना मोठ्या मनाने माफही करून टाकलं! स्वतःची किळस येते. उद्या सांगते.

१७ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२४ फेब्रुवारी

ताप उतरला! ताई वाचली. भावजींनी तिला गच्चीचं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. झाडांसाठी रडत असणार. आता मात्र गप्प बसवत नाही. आधी ताईला सांगायचं, मग भावजींना. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. बोलणं बंद केलं तर तेही.

२५ फेब्रुवारी

भावजी औषधं आणायला खाली गेले. मी खुर्ची पुढे ओढली, तर ताईनेच माझं मनगट धरलं. "चिमे, बरणीचं झाकण मी उघडायचे. हे गच्चीवर गेले की. रोज. मातीचा वास घ्यायला गं, बाकी काही नाही. आणि यांनी सगळं स्वतःवर घेतलं... यांना सांगू नकोस."

मी म्हटलं, "नाही सांगत."

तिने माझा हात उचलून गालाला लावला. मी तिच्यावर उपकार केल्यासारखा.