लाल दोरा

भुज, १० ऑगस्ट १९९१

चि. झंखना हिस नानीबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

नवरात्र दोन महिन्यांवर आलं आणि राजकोटहून तुझ्या चोळीचं माप अजून नाही. लाल दोरा दंडाचा, पांढरा कमरेचा, गेल्या वर्षीसारखाच. आईकडून घेऊन घे. स्वतः घेतलंस तर वेडंवाकडं येतं. यंदा चोळीवर पोपट भरते आहे. मोर म्हणे अकरा वर्षांच्या बायांना बाळबोध वाटतो. शेजारची म्हैस व्याली. तुझ्या वाटणीचा खरवस मीच संपवला. दोरे लौकर धाड आणि म्हातारीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी नानीबा

राजकोट, १८ ऑगस्ट

ती. नानीबांस झंखनाचा सा. न. वि. वि.

दोरे पाठवते आहे. आईला कामं असतात म्हणून मीच माप घेतलं. नीट घेतलं आहे, पुन्हा घ्यायची गरज नाही. शाळेच्या गरब्यात बाईंनी मला मागच्या ओळीत ठेवलंय. पुढे सगळ्या सडसडीत मुली. नवरात्रापर्यंत बघू म्हणाल्या. यंदा तुमचं कापड पुरून उरेल, नानीबा. उरलेल्याची बाहुली करा. गूळ-तुपाची सुखडी पाठवू नका, खायला इथे सगळं मिळतं. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची झंखना

भुज, २४ ऑगस्ट

चि. दक्षा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लेकीने माझी थट्टा केलेली दिसते. दंडाचा म्हणून धाडलेला लाल दोरा मी माझ्या मनगटाला लावला, तर टोकाला टोक जेमतेम मिळालं. कमरेचा गेल्या वर्षीपेक्षा चार बोटं आखूड. आणि पोर ताडमाड वाढली असं तूच लिहितेस. चार दिवस कात्री उचलते नि खाली ठेवते. तू स्वतः माप घेऊन धाड. सुखडीला ती नको म्हणाली, हेही मला बरं वाटेना. जेवायला तिच्याशेजारी बसतेस ना? रागावू नकोस, आईवर लोभ असू दे.

तुझी बा

राजकोट, १२ सप्टेंबर

ती. बा, सा. न. वि. वि.

उशीर झाला. ती माप घेऊच देईना. ताट खोलीत नेते, वाचत जेवते म्हणायची; मी आपली खूश, पोर अभ्यासू झाली म्हणून. परवा पलंगाखाली झाडताना वहीच्या कागदांत गुंडाळलेले बाजरीचे वाळके रोटले निघाले. सोबत तसाच एक लाल दोरा. रोज दंडाला लावून बघते. बा, ते तिच्या दंडाचं माप नव्हतंच. नवरात्रापर्यंत जिथे पोचायचं, ते होतं.

काल डॉक्टरांच्या दारातच तिला घेरी आली. नाडी फार मंद आहे म्हणाले. घरी ती पडून असताना मी दंडाचं माप घेतलं. दोरा सोबत आहे. दोन्ही दोरे शेजारी ठेवून बघ. बोटभर राहिलंय.

कोण काय बोललं विचारलं, तर नानीबांचं कापड पुरलं नव्हतं, एवढंच म्हणाली. मला उमगलं नाही. तुला उमगलं तर कळव.

तुझी दक्षा

भुज, १६ सप्टेंबर

चि. झंखना हिस आशीर्वाद.

मला उमगलं. गेल्या नवरात्रात भरल्या ओसरीत तुझी चोळी दाटली, तेव्हा मी बायांना हसून सांगितलं की कापड पुरेना, ही पोर आहे की कणगी. सगळ्या हसल्या. तूही हसलीस, म्हणून मी विसरून गेले. खरं सांगते, कापड मीच कमी बेतलं होतं. पन्नास वर्षं शिवते आहे. चूक कबूल करायची लाज वाटली नि ती तुझ्या अंगावर ढकलली.

तुझ्या दोऱ्यावर मी शिवणार नाही. कापडावर खडूने आखलेलं सगळं पुसलं. गुरुवारच्या बसने अख्खा तागा घेऊन येते. तुझ्या खोलीत, तुझ्याच ताटाशी बसेन. नवरात्र गेलं तर जाऊ दे.

आईने पाठवलेला दोरा मनगटाला लावून बघितला. अजून बोटभर उरतो. तेवढा मी येईपर्यंत राख, बाळ. दुसरं काही मागत नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
नानीबा