चावडीवरची लाल रेघ

आबा, मी इंग्लंड बघून आलो. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतं, "आन् काय आनलंस तितनं?" म्हणून आधीच सांगतो, चॉकलेटचे दोन डबे आणि जिवाला घोर. तुमची नात तिकडं दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडं आम्ही दोघं दीड महिना राहिलो. येऊन तीन आठवडे झाले, पण माझा पाय एका जागी ठरत नाही. ओट्यावर बसतो, उठतो, चावडीपर्यंत जातो, परत येतो. तुमची सून वैतागून म्हणते, "अवो, बसा की वाईच. अंगात काय शिरलंय काय तुमच्या?" तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही. आता लिहितोय, कारण चावडीवरच्या तुमच्या लाल रेघेबद्दल बोलायचंय आणि ते जित्या माणसापुढं मला बोलता येईना.

एका रविवारी लेकीनं आम्हाला गाडीत घालून तासाभरावरच्या एका खेड्यात नेलं. नदीकाठचं गाव. नदी आपल्या नीरेपेक्षा अरुंद, पण काठोकाठ भरलेली. तिथं एक म्हातारी बाई आहे, पंचाहत्तरीची तरी असेल, पायात गमबूट, हातात काठी. दर रविवारी जो कोणी येईल त्याला ती गाव फिरवून दाखवते आणि गावाचा इतिहास सांगते. कुणी नेमलेलं नाही तिला, हौस म्हणून करते. लेक मला मराठीत समजावून देत होती. मी इंग्रजी शिकवण्यात उभा जन्म काढला, पण बाईच्या इंग्रजीची आणि माझ्या इंग्रजीची ओळखच निघाली नाही. गावात शिरायला जुना दगडी पूल आहे, एक गाडी जेमतेम जाईल एवढा. त्याच्या कठड्यात मधे मधे तिकोनी कोनाडे ठेवलेत, घोडागाडी आली की पायी चालणाऱ्यानं त्यात शिरून उभं राहायचं. तुमची सून लगेच एका कोनाड्यात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आपल्या वड्यावरच्या पुलाला असं पायजे हुतं. उसाचा ट्रॅक्टर आला की जीव मुठीत धरून पळाया लागतं." पुढं पाणचक्की होती. आता तिच्यात लोक राहतात, पण चाक तसंच जपून ठेवलंय. नदीकडं तोंड करून लाकडी बाकडी मांडलीत आणि प्रत्येकावर एकेका मेलेल्या माणसाचं नाव कोरलंय, त्याला ही नदी फार आवडायची म्हणून. तुम्हाला नीरा आवडायची का हो आबा? मी कधी विचारलंच नाही.

मग तिनं आम्हाला चर्चपाशी आणलं. केवढं मोठं चर्च, आणि गाव म्हणाल तर शंभर उंबऱ्यांचं. बाई म्हणाली, हे मेंढरांनी बांधलंय. मी लेकीला दोनदा विचारलं, नीट ऐकलंस का? ती म्हणाली, "व्हय की!" जुन्या काळी इथली लोकर नावेत भरून खाली जायची, त्या कमाईवर गावानं हे चर्च उभं केलं. आणि आबा, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, माझे वडील मेंढरं राखायचे. परक्या माणसाला मी हे जन्मात पहिल्यांदा सांगितलं. बारामतीला शिकायला होतो तेव्हा वडील काय करतात म्हटलं की मी शेती सांगायचो. बाई चालता चालता थांबली, काठी डाव्या हातात घेतली आणि माझ्याशी हात मिळवला. समोरच्या कुरणात मेंढरं चरत होती, सगळ्यांच्या ढुंगणावर निळा पट्टा. तिनं विचारलं, तुमचे वडील कुठला रंग लावायचे? मला भर इंग्लंडात हिरमंजीचा वास आला.

ती लाल माती तुम्ही करडईच्या तेलात कालवायचा, लोटक्यात काडीनं ढवळत, आणि दोन बोटं बुडवून एकेका मेंढराच्या मानेवर ओढायचा. लांबून बघितलं तरी कळायचं, हे आपलं. मी नोकरीला लागल्यावर दर वैशाखात बारामतीच्या बाजारातून हिरमंजीचा पुडा आणणं हे माझं काम. तुम्ही पुडा हातात घेऊन वास घ्यायचा आणि म्हणायचा, "ब्येस हाय." तेवढीच काय ती शाबासकी.

पण खरी गोष्ट चर्चच्या भिंतीवर होती. दाराशेजारी दगडात आडव्या रेघा कोरलेल्या, एकावर एक, प्रत्येकीपुढं साल. ज्या वर्षी जिथवर पूर आला तिथं रेघ. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर. बाई म्हणाली, गावात कुणीही घर बांधायला काढलं की आधी या भिंतीला विचारतो, आणि भिंतीची डागडुजी करताना गवंडी रेघांपुरती जागा सोडून काम करतात. मी नजर काढून मेंढरांकडं बघायला लागलो. तुमची सून मात्र कौतुकानं लेकीला सांगायला लागली, "आगं, मामंजींनी बी अशीच रेघ वढली हुती आपल्या चावडीवर. सांग तिला, सांग." लेकीनं सांगितलं. बाईचा चेहरा फुलला. तिनं विचारलं, अजून आहे? मी म्हणालो, नाही, गवंड्यानं प्लास्टर केलं त्यात गेली.

मी चौथीत होतो, तेव्हा तो मोठा पूर आला. तीन दिवस आपण मेंढरं घेऊन माळावर. पाणी उतरल्यावर तुम्ही हिरमंजीचं लोटकं घेऊन चावडीपाशी आलात. भिंतीला चिखलाची ओळ होती. तुम्ही ताठ उभे, हात खांद्याच्या रेषेत सरळ समोर धरलेला, वाकायला नको की टाचा उचलायला नको, आणि त्या चिखलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ ओढत चाललाय. मी मागून शहाणपणा केला, "आबा, पाऊस पडल्यावर पुसून जाईल की ती." तुम्ही न वळता म्हणालात, "जाऊं दे की. परत वढीन. तू साळंत जातूस म्हनून पानी काय तुला इचारून यायचं न्हाय." आणि खरंच दर वर्षी मृगाच्या आधी तुम्ही ती रेघ नव्यानं ओढायचा. लोक चेष्टा करायचे, धनगर चावडीला बी मेंढरू समजतोय म्हणून. तुम्ही हसायचा. रेघेच्या पातळीखालच्या जागेत तुम्ही कधी मेंढरांचं वाडगं घातलं नाही, आणि दुसरा कोणी मेंढरं बसवायला लागला तर भांडून उठवायचा.

आता ऐका. गावाला नवी अंगणवाडी मंजूर झालीय. जागा ठरली चावडीच्या मागची, नदीच्या अंगाची खोलगट. जागा सुचवली कुणी? मी. इंदापूरहून साहेब आले, त्यांनी सरळ विचारलं, "गुरुजी, इथं पाणी येतं का?" मी म्हणालो, "साहेब, इतकी वर्षं नोकरी केली, चावडीची पायरी ओली झालेली बघितली नाही." खोटं नव्हतं, नोकरीतलं होतं. चौथीतलं मी धरलंच नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, कारण गुरुजी म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. नंतर मी विमानात बसून गेलो इंग्लंडला. परत येतो तर जागेवर पायाच्या आखणीची चुन्याची फक्की मारून झालेली, गुरुवारी पाया खणायचा. आपल्या भावकीतलीच सात-आठ लेकरं तिथं बसणार, अडीच-तीन वर्षांची. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि मदतनीस बाई एकटी असली तर ती किती जणांना कडेवर घेईल?

सोमवारी उन्हातान्हात हातोडी-छन्नी घेऊन चावडीवर गेलो आणि प्लास्टरचा एक पोपडा उडवला. आत नुसता टोचलेला दगड. प्लास्टर धरावं म्हणून दगडाला टाचे मारले होते, लालीचा कण शिल्लक नव्हता. रेघ किती उंच होती तेच आठवेना. चौथीतल्या माझ्या कपाळाला लागायची, पण चौथीतला मी आणू कुठून? डोक्याला हात लावून पायरीवर बसलो. मग ध्यानात आलं, आता माझी उंची म्हणजे तुमचीच उंची. लग्नात तुमचा कोट मला न उसवता बसला होता. चपला काढून भिंतीपुढं ताठ उभा राहिलो, हात खांद्याच्या रेषेत सरळ धरला आणि खडूनं ओढत निघालो. पारावरून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, हजेरी घेताय का भिंतीची?" घ्या म्हटलं, हसून घ्या.

मग मिस्त्रींना बोलावलं. आपली चावडी ज्यांनी प्लास्टर केली त्या थोरल्या मिस्त्रींचा हा मुलगा, बापासारखाच कमी बोलणारा. त्यानं लेव्हलची नळी आणली, पाण्यानं भरलेली. एक टोक खडूच्या रेघेला लावून मी धरलं, दुसरं घेऊन तो अंगणवाडीच्या जागेत उतरला आणि बांबूवर खूण करायला लागला. नळीतलं पाणी त्याच्या डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबलं. तो तिथनंच म्हणाला, "गुरुजी, हितं तर मानूस बुडतंय. पोरांचं काय घेऊन बसलाय?"

बुधवारी ग्रामसभा भरवायला लावली. मी उभा राहून सगळं सांगितलं, पूर, तुमची रेघ, नळी, बांबू. "जागा मी सुचवली, माझं चुकलं," हेही म्हणालो, आणि ते म्हणताना मला जडही गेलं नाही. जागा बदलली. आता अंगणवाडी शाळेमागं माळाच्या अंगाला होणार. मी खाली बसणार तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "येवढी कामाची रेघ पुसली कुनी म्हनायची?" मी म्हणालो, "प्लास्टर करताना गेली." सगळ्यांच्या माना मिस्त्रींकडं वळल्या. तो उठला, टोपी काढून हातात घेतली. "अब्बांच्या हातनं झालं असंल तर म्या सभेची माफी मागतो. त्यांना ठावं नसंल. आता ते न्हाईत सांगायला." लोक म्हणाले, "आसूं दे, आसूं दे, जुनी गोष्ट हाय." मीही म्हणालो, असू दे. आबा, मीही म्हणालो!

त्यांना ठावं होतं. थोरल्या मिस्त्रींनी थापी बाजूला ठेवून मला विचारलं होतं, "गुरुजी, आबांच्या रेघंपुरती चौकट सोडू का? मी बराबर बशिवतो, चांगली दिसंल." स्वच्छ गावाच्या स्पर्धेचे पाहुणे यायचे होते, तिथं मला माझ्या अक्षरात सुविचार लिहायचा होता. मी म्हणालो, "पुसून टाका. घाण दिसतीय. मेंढराच्या मानेवर ओढल्यासारखी." तुम्ही माझ्या मागं पारावर बसला होता. मला माहीत होतं तुम्ही बसलाय ते. दुसऱ्या दिवशी तुम्ही चावडीपाशी आलात, ओल्या प्लास्टरवर तळवा ठेवलात आणि म्हणालात, "झ्याक झालंय." पुढच्या वैशाखात मी बारामतीला निघालो तर तुम्ही हिरमंजी आण म्हणाला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्याच दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

शनिवारी बारामतीला जाऊन पुडा आणलाय. इथं फळीवर आहे, अजून सोडलेला नाही. मृग आठ दिवसांवर आला. चावडीवर रेघ ओढायची तर आधी मिस्त्रींच्या घरी जाऊन त्याला त्याच्या अब्बांची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय माझा हात वर उचलणार नाही. उद्या जातो. परवाही असंच ठरवून त्याच्या दारात गेलो होतो. तो म्हणाला, "या गुरुजी, चा घ्या," आणि मी चहा पिऊन, यंदा पाऊस कसा होईल त्याच्या गप्पा मारून परत आलो.