टग्जचा सीझन आणि बेथनीचं लग्न

३ ऑगस्ट, रविवार
बेथनीच्या लग्नाची तारीख आज मीच ठरवून टाकली. लोरेटा शनिवार धरून बसली होती. जन्म ओहायोत काढला आणि बायको नोव्हेंबरातला शनिवार सुचवते. शनिवारी कॉलेज फुटबॉलची मॅच. चर्चमध्ये पाद्री तरी येईल का? आणि रविवारी आमच्या फुटबॉल टीमची, टोलेडो टग्जची मॅच. उरला तो टग्जच्या सुट्टीचा रविवार. अठरा आठवड्यांत सतरा मॅच, एक रविवार टीम घरी झोपा काढते. फ्रिजवर वेळापत्रकाचं मॅग्नेट आहेच. त्यात सुट्टी १० नोव्हेंबरला दाखवलीय, पण तो निघाला सोमवार. छापणाऱ्याची चूक. पेनाने ९ केलं.

बेथनी म्हणाली, डॅड, मला दुसरं काही नको, फक्त माझा हात धरून मला चर्चमध्ये ने. लहानपणी चर्चमध्ये माझ्या कन्फर्मेशनचा विधी झाला, त्यालाही तू नव्हतास. खरं आहे. पण तेव्हा आपण दहा पॉइंटनी पुढे होतो. (नंतर हरलो.)

२१ ऑगस्ट
पत्रिका आल्या. एक फ्रिजवर लावली, त्याच मॅग्नेटखाली. दुपारी एकचं लग्न.

यंदा टग्ज अकरा मॅच तरी जिंकणार. संकल्प: पहिली मॅच जिंकेपर्यंत जर्सी धुवायची नाही. म्हणजे फार तर आठवडाभर.

७ सप्टेंबर, सकाळी ८
सीझनचा पहिला दिवस. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पहिला नंबर माझा. मॅचआधी इथे सगळे मिळून खातात, म्हणून शेगडी पेटवली, तीस सॉसेज. बाकी कोणी नाही. लोकांत पूर्वीची निष्ठा राहिली नाही.

८.४०
गार्ड आला. म्हणाला, अहो, टीम टेक्ससला गेलीय, तुम्ही इथे कोणाला जेवायला घालताय? मग दोन सॉसेज खाऊन गेला.

संध्याकाळी
मॅग्नेट गेल्या वर्षीचं आहे. यंदा सुट्टी २ नोव्हेंबरला. ९ नोव्हेंबरला दुपारी एकला मॅच.

हरलो, ३१-६. लोरेटाला तारखेचं बोललो नाही. दोन महिने आहेत, काहीतरी निघेल.

२८ सप्टेंबर
चार मॅच, चार हार. बाहेरच्यांना कळत नाही, पण ही कोचची चाल आहे. समोरचे गाफील व्हावेत म्हणून. उद्या लोरेटाला सगळं सांगून टाकणार.

२९ सप्टेंबर
लोरेटा आज फार खुशीत होती. उगाच कशाला.

१२ ऑक्टोबर
सहा मॅच, सहा हार. जर्सीची रवानगी गॅरेजमध्ये. लोरेटा म्हणाली, एक तर ती राहील नाहीतर मी. जर्सीला एवढं बोलायचं काही कारण नव्हतं.

२६ ऑक्टोबर
०-८. जावई होऊ घातलेला कर्टिस जेवायला आला होता. पोरगा फुटबॉल बघत नाही, दुर्बिणीतून पक्षी बघतो. सूप पिता पिता म्हणाला, मिस्टर क्रुगर, लग्नाच्या वेळेलाच टग्जची मॅच आहे ना? एवढ्या पक्ष्यांतून त्याला नेमकं हेच दिसलं.

लोरेटाने चमचा खाली ठेवला. म्हणाली, वेंडेल, तुला कधीपासून माहीत आहे? म्हटलं, साधारण अलीकडेच. ती म्हणाली, सत्तावीस वर्षं रविवार तुझे, हा एक तिचा. बेथनी सूपच्या वाट्या उचलायला लागली. मी म्हटलं, आठही मॅच हरलेल्या टीमसाठी मी पोरीचं लग्न सोडीन होय? मला काय वेड लागलंय?

९ नोव्हेंबर, सकाळी
आज मॅचचा विचार नाही. फोन घरी ठेवला. सुटाच्या आत जर्सी घातलीय, तेवढं कोणाला कळत नाही.

संध्याकाळी ७
कळलं. लग्नाआधी पाहुण्यांशी हात मिळवत फिरलो, तेवढ्यात पहिल्या तीन रांगांना वास गेला.

पण ते सोडा. एकला ऑर्गनवालीच आली नव्हती. ऑर्गन वाजल्याशिवाय नवरी आत कशी जाणार, सगळे खोळंबलेले. बेथनी दारापाशी पांढऱ्या पोशाखात उभी. मला म्हणाली, लांब जाऊ नकोस हं. म्हटलं, छे, दोन मिनिटांत आलो, चष्मा गाडीत राहिलाय. चष्मा माझ्या नाकावर होता. तो तिला दिसत होता.

गाडीत रेडिओ लावला. टग्ज ७-० ने पुढे. सबंध सीझनमध्ये पहिल्यांदा. म्हटलं, बॉल आपल्याकडे आहे तोवर ऐकू. ऑर्गन वाजायला लागला, मला वाटलं बाई बोटं मोकळी करतेय.

आत गेलो तर बेथनी कर्टिसशेजारी पोचली होती. लोरेटाने हात धरून नेलं. मी शेवटच्या रांगेत बसलो. तिथे बसल्यावर वास फक्त मलाच येत होता.

हरलो, ३८-७.

पार्टीत बेथनी माझ्याबरोबर नाचली. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, असू दे डॅड, मला माहीत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतंय.

४ जानेवारी
सीझन संपला. ०-१७. कोच म्हणतो पुढच्या वर्षी बघा.

११ जानेवारी, रविवार
मॅच नाही. बेथनीकडे जेवायला गेलो. डिशेस मांडताना तिने सांगितलं, बाळ येणार आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला. लोरेटा रडली, कर्टिस रडला, मलाही भरून आलं. आणि तोंडातून निघून गेलं, त्या रविवारी मॅच घरची की बाहेरची?

कोणी हसलं नाही. कर्टिसने बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

घरी येऊन जर्सी धुतली. मग फ्रिजवरून ते मॅग्नेट काढलं, तर त्याच्यामागची लग्नपत्रिका खाली पडली. उचलून वाचली. पहिल्यांदाच नीट वाचली. वडिलांचं नाव वर होतं, मोठ्या अक्षरांत.

पत्रिका परत लावायची म्हणून दुसरं मॅग्नेट शोधलं. सगळे ड्रॉवर उपसले. अकरा सापडली. अकराही टग्जची.